बाकावर सांगितलेलं

हे मी फार आधी सांगायला हवं होतं. सांगायची वेळ अनेकदा आली. दर वेळी मी चहा टाकायला उठलो, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवला. बायकोच्या वर्षश्राद्धाला दोन्ही मुलं समोर जेवायला बसली होती, तेव्हा तर वाक्य ओठापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "वडे गार होऊन राहिले." आता टाळणार नाही. मला स्वतःला जो आजार झाला आहे तो बरा होणारा नाही, आणि त्याबद्दल मुलांशी सरळ बोलायचं तर आधी त्यांच्या आईबद्दल सरळ बोलणं भाग होतं. ते मी बोललो. काय बोललो आणि का बोलावं लागलं, ते इथे लिहून ठेवतो. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचं माझ्या हातून काय होतं, ते मी पाहिलं आहे.

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडसेट लावून. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे, आणि आमच्यासारखा कोणीतरी दोन गावांच्या तारा जोडून देई. कोणाला मुलगा झाला, कोणाचा बाप गेला, सगळं आमच्या कानांवरून जाई. ऐकायचं नाही असा नियम होता, पण ऐकू यायचंच. मात्र दुसऱ्याचा निरोप अडवायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज पडली नाही. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, एक्स्टेंड करू का?" लग्नानंतर बायकोने हे वाक्य उचललं. माझी कुरकुर लांबली की पोळी लाटता लाटता ती म्हणे, "तीन मिनिटं झाली. एक्स्टेंड होणार नाही."

ती उमरेडची. वडिलांचे हातमाग होते. तिचं लहानपण कांड्या भरण्यात गेलं, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळण्यात. माग केव्हाच बंद पडले, भाऊ दुसऱ्या कामांना लागले, पण तिच्या हातांची सवय गेली नाही. टीव्ही पाहताना शेंगा सोलायची. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पदराच्या दशांना पीळ देत बसायची. "रिकामा हात दिसला की आमचे बाबा ओरडत," म्हणायची. "अजूनही वाटते, मागून ओरडतीन."

स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, पुढचे सगळे उपचार झाले आणि काही वर्षं बरी गेली. मग खोकला लागला. तपासण्या झाल्या. आजार फुप्फुसात आणि हाडांत पोचलेला निघाला. कॅन्सरच्या डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मला बाहेर बोलावून वेगळं सांगतील असं मला वाटलं होतं. तसं त्यांनी केलं नाही.

"काकू, हा आता पूर्ण बरा होणार नाही," त्या म्हणाल्या. "औषधांनी काही काळ आवरता येईल. दुखणं कमी ठेवता येईल. पण तुमची तब्येत चांगली आहे तोवरच एक काम करा. पुढे श्वासाचा त्रास झाला तर काय करायचं, काय नाही करायचं, कुठे राहायचं, हे घरात बोलून ठेवा. सगळ्यांना कळू द्या. नाहीतर ऐनवेळी जो सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, तोच ठरवतो."

परत येताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "बाई चांगली आहे. खोटं नाही बोलली."

प्रताप नगरला घरी आलो. जेवताना तिने विषय काढला. "माझं मी ठरवलं आहे. आयका."

"घरात असं काही बोलू नको वं," मी म्हणालो. "वास्तू तथास्तु म्हणते."

हे माझ्या आईचं. आमच्याकडे कुंकू संपलं म्हणत नसत, वाढलं म्हणत. दिवा विझवत नसत, शांत करत. कोणी चिडून "मेलो" म्हटलं तरी आई तोंडावर हात ठेवायला धावायची. घराच्या भिंती ऐकतात आणि जे ऐकतात त्याला हो म्हणतात, ही भीती मी शिकून-सवरूनही सोडली नव्हती. बायकोने घास तसाच हातात धरून एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग बाहेर चाला. मैदानावर वास्तू नाही."

आमच्या कॉलनीच्या मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा झाला की आम्ही तिथे जाऊन बसू लागलो. आयुष्यात कधी जोडीने फिरायला न गेलेली माणसं रोज बाकावर बसलेली पाहून शेजारचे रिटायर्ड मास्तर चालता चालता थांबले.

"काय गा, म्हातारपणी लव मॅरेज?"

मी ओशाळलो. ती म्हणाली, "पहिलं अरेंज होतं ना भाऊजी. हे राहून गेलं होतं."

मास्तर हसत पुढे गेले आणि ती जिथे थांबली होती तिथून पुढे बोलू लागली. तिच्या मरणाबद्दल. आवाज भाजी आणायला सांगतानाचाच होता.

तिने मला काय सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. त्यातला एकही शब्द मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं.

"दुखणं कमी करायचं औषध पाहिजे तेवढं देऊ द्या. मॉर्फिन म्हणा, काय म्हणा. सवय लागीन म्हणून घाबरू नका, सवय लागाले मी कुठं राहणार आहे. श्वास पुरेनासा झाला तर नळी घालू देऊ नका. मशीन नको. मी डॉक्टर बाईले विचारून घेतलं, गुंगीचं औषध देऊन त्रास कमी करता येते. तुमचं ते एक्स्टेंड मले नको."

"अन् हात," ती म्हणाली. "हात बांधू देऊ नका. माझ्या मोठ्या भावाले दवाखान्यात पाहिलं ना मी. जन्मभर मागावर चाललेले हात, पट्ट्यांनी पलंगाले बांधले होते. थो माझ्याकडे पाहे अन् बोटं हलवे. त्याले काय सांगायचं होतं, मले अजून समजलं नाही."

मी मैदानात क्रिकेट खेळणाऱ्यांकडे पाहत राहिलो.

"आयकून राहिले ना?"

"आयकून राहिलो."

"घरी ठेवा. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. भाजीवाला आला की मले दिसला पाहिजे. तुम्ही त्याच्याकडून सांबार मागून घेत नाही, लाजता." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भाजीवर फुकट मिळाली नाही तर तिला तो दिवसाचा पराभव वाटे.

मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. "हे पोरांले तुम्ही सांगा. मी सांगतलं तर पोरगं रडते अन् पोरगी भांडते. अन् मले दोघांले सांभाळत बसा लागते. तुम्ही सांगा. तुमचं तर कामच होतं थे."

मुलगा हैदराबादला, मुलगी रायपूरला. दर रविवारी दोघांचे फोन येत. मी म्हणालो, "सांगतो."

पहिल्या रविवारी मुलाला मी हवा विचारली. दुसऱ्या रविवारी त्याच्या ऑफिसचं. मुलीशी बोलताना तिच्या मुलांच्या परीक्षा निघाल्या. मी घरातून बोलत होतो, आणि घरात ते शब्द उच्चारायची माझी तयारी नव्हती. मोबाईल घेऊन बाहेर जाता आलं असतं, हे मलाही कळत होतं. भिंतींचा धाक मला सोयीचा होता. तोंडातून शब्द निघाला की ते खरं होणार, आणि निघाला नाही तर कदाचित होणार नाही, इतकं साधं आणि इतकं मूर्खपणाचं गणित होतं माझं.

बाकावर ती विचारायची, "लागला का ट्रंक?"

"लाइन बिझी आहे."

"अर्जंट बुक केला होता मी."

"लागंल."

"एक्स्चेंजमधी असते तर नोकरी गेली असती तुमची."

ती हसत होती, पण दर आठवड्याला हसणं थोडं कमी होत होतं. खोकलाही वाढला होता. एका संध्याकाळी तिने हसणं सोडून सरळ विचारलं, "खरं सांगा. सांगतलं का नाही?"

मी म्हणालो, "सांगितलं."

ती माझ्याकडे वळली. "दोघांले?"

"दोघांले."

"काय म्हणाले?"

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं. मी म्हणालो, "आई म्हणंल तसंच करू, म्हणाले. पण तिच्यासमोर हा विषय नको, आमच्यानं सहन होणार नाही, म्हणाले. तू काढू नको त्यांच्याजवळ."

मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असं चारचौघांत ती कधी करत नसे. "बरं झालं," ती म्हणाली. "मोठे झाले म्हणायचे." त्यानंतर आम्ही बाकावर बसलो ते नुसतेच. तिचं काम संपलं होतं. मीही मनाला समजावलं की तिला निश्चिंत केलं, हेही थोडं नाही.

दिवाळीत मुलगा आला. तिला हैदराबादला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. तिने नको म्हटलं, आणि त्याने एका शब्दाने आग्रह केला नाही. निघताना तो पाया पडला, तेव्हा तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "शहाणा आहेस रे. मले वाटलं होतं, तू आयकणार नाहीस." मुलाला वाटलं, हैदराबादचं म्हणते आहे. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. ती कशाबद्दल म्हणत होती, ते त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं.

थंडीत तिला ताप आला. डॉक्टर बाई त्या आठवड्यात गावात नव्हत्या. मी मुलाला फोन केला, तो संध्याकाळच्या विमानाने आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास पुरेना. ओठ निळसर दिसू लागले आणि मुलाने अॅम्ब्युलन्स बोलावली. मी त्या वेळी थांबवू शकलो असतो. डॉक्टर बाईंना फोन करू शकलो असतो. मी तिची चप्पल शोधत होतो.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्याच्याबद्दल मला काही वाईट लिहायचं नाही. त्याने विचारायला हवं तेच विचारलं. "ऑक्सिजन पुरत नाहीये. व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, ते आत्ता सांगावं लागेल. आजार पुढे गेलेला आहे, मशीन काढणं नंतर सोपं नसेल. त्या स्वतः कधी काही बोलल्या होत्या का?"

मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, आई काही म्हणाली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दाची कारणं मी इतकी वर्षं शोधतो आहे आणि मला ती सगळी सापडली आहेत. पडद्यामागे तिच्या श्वासाचा आवाज येत होता आणि तो आवाज थांबू नये एवढंच मला हवं होतं. शिवाय "हो" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: कधी म्हणाली, मग आम्हाला का नाही सांगितलं? माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणजे अर्धं प्रेम होतं आणि अर्धी लाज. पहिलं कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. दुसरं आता लिहितो आहे.

"मग करा डॉक्टर," मुलगा म्हणाला. "सगळं करा." सही त्याने केली.

आत तिला शुद्ध येत-जात होती. शुद्ध आली की तिचा हात नळीकडे जाई, म्हणून हातांवर जाड पांढरे मोजे चढवले होते आणि पट्ट्यांनी ते पलंगाच्या दांड्यांना बांधले होते. नर्सने मला समजावून सांगितलं, "काका, ओढून काढली तर घसा फाटंल ना. आम्हाले पण चांगलं नाही वाटत." ती खरं बोलत होती. मोज्याच्या आत बोटं हलताना दिसत होती.

आत एका वेळी एकाला सोडत. मुलगा जाऊन आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "आई मला पाहून तोंड फिरवते, बाबा."

"औषधाची गुंगी आहे," मी म्हणालो.

"गुंगी नाही ते. आधी ती पाहते. नीट पाहते. मग फिरवते."

तिच्या हिशेबी त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने कबूल केलं होतं. त्याच्या केसांतून हात फिरवून तिने त्याला शहाणा म्हटलं होतं, आणि आता त्याने तिला हात बांधून इथे टाकलं होतं. तिच्याकडे विचारायला आवाज नव्हता. तो नळीने घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी रायपूरहून पोचली. आईला पाहून बाहेर आली ती थेट भावावर. "कोणाले विचारून केलं हे? आईले हे आवडलं असतं का? तिनं मामाचं पाहिलं होतं, तुला माहीत नाही का?"

"बाबांना विचारलं मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. "त्या वेळी दुसरा उपाय नव्हता," मी म्हणालो. हे ना खरं होतं ना खोटं, आणि म्हणूनच ते चाललं. सगळा राग मुलावर राहिला.

काही दिवसांनी बायको तिथेच गेली.

पुढची वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला ठीक दिसली असती. मुलगी भाऊबीजेला येत राहिली. भावाला ओवाळायची आणि जेवायच्या आत गाडी गाठायची. दोघं एकमेकांशी माझ्याबद्दल बोलत, बाकी नाही. करोनाचा काळ आला आणि गेला. त्या बंदीच्या दिवसांत बोलायला वेळच वेळ होता, तरी मी बोललो नाही. मुलगा एकदा मुक्कामाला होता, गच्चीवर कूलरच्या टाकीत पाणी सोडताना पाठमोराच म्हणाला, "आई माझ्यावर कशानं रागावली होती, समजलं असतं तर बरं झालं असतं." मी त्याला नळ हळू सोडायला सांगितलं.

गेल्या वर्षी माझी पाठ दुखू लागली. वयाचं दुखणं समजून मी मलम लावत राहिलो. निघाला प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत गेलेला. त्याच डॉक्टर बाई, आता केस पिकलेल्या. त्यांनी मला तेच सांगितलं जे तिला सांगितलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. मग म्हणाल्या, "काका, काकूंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, मशीन नको. परत आले तेव्हा त्या व्हेंटिलेटरवर होत्या. मला वाटलं, घरच्यांचा विचार बदलला."

"घरच्यांना ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. पहिल्यांदाच कोणाजवळ तरी हे बोललो, आणि छत कोसळलं नाही.

घरी येऊन मी दोन्ही मुलांना फोन केले. दोघांनी एकाच रविवारी यायचं, एकत्र जेवायचं आणि कोणीही लवकर गाडी पकडायची नाही, असं सांगितलं. मुलीने विचारलं, "काहून? काय झालं?" मी म्हणालो, "ये, मग सांगतो. अर्जंट आहे."

जेवण झाल्यावर त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. त्याच खिडकीजवळ, जिथे तिची खाट यायला हवी होती. मी माझ्या आजाराचं सांगितलं. "बरा होणारा नाही," म्हणालो आणि पुढे म्हणालो, "मी मरणार तेव्हा काय करायचं, ते आता ठरवू."

मुलगा चटकन म्हणाला, "बाबा, घरात असं नका बोलू."

माझाच शब्द मला परत मिळाला. "घरातच बोलणार," मी म्हणालो. "म्हणू दे वास्तूले तथास्तु. या वेळी तेच पाहिजे आहे. पण माझं नंतर. आधी तुमच्या आईचं."

मग मी सांगितलं. बाक, मास्तर, सांबार, बांधलेले हात, रविवारचे फोन. तिला जे खोटं सांगितलं ते. आणि दवाखान्यातलं "नाही". मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर उठून चहा टाकला असता.

मुलाने सगळं ऐकून एकच विचारलं. "म्हणजे दिवाळीत ती म्हणाली, शहाणा आहेस..."

"हो. त्यासाठीच म्हणाली."

तो उठला आणि बाहेर जाऊन फाटकाला धरून उभा राहिला. मुलगी माझ्यासमोर बसून होती. "तुम्ही आम्हाले जेवाले वाढत होते, बाबा," ती म्हणाली. "दर भाऊबीजेले. अन् आम्ही बोलत नाही, हे पाहत होते."

"पाहत होतो."

"अन् वडे गार होऊन राहिले म्हणत होते."

"हो."

ती उठून भावाकडे गेली. खिडकीतून मला दोघं दिसत होती. ती बोलत होती, तो मान खाली घालून होता. मग तो बोलू लागला आणि तिने फाटकावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते ऐकायचं माझं काम नव्हतं. मी मुलांची माफी मागितली ती दोघं आत आल्यावर, बसून, नीट शब्दांत. मुलीने मान डोलावली. मुलगा म्हणाला, "मला वेळ लागेल, बाबा." मी म्हणालो, "घे." माझ्याकडे किती आहे ते दोघांनाही ठाऊक होतं, पण तो घाईने माफ करून मोकळा झाला नाही, हे मला आवडलं.

मग त्यानेच पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "आता तुमचं सांगा. काय पाहिजे, काय नको. हिच्यासमोर सांगा, माझ्यासमोर सांगा. एकदम."

मी सांगितलं. दुखणं कमी ठेवायचं. नळी नाही, मशीन नाही, हात बांधायचे नाहीत. जमेल तोवर घरी. घरी सांभाळणं अवघड झालं तर दवाखान्यात न्या, पण फक्त त्रास कमी करण्यापुरतं. मुलीने विचारलं, "अन् ऐनवेळी तुम्हीच घाबरून, करा म्हणाले तर?" प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, मी शुद्धीत असलो आणि बोलू शकलो तर माझं त्या वेळचं ऐका. नसलो तर आजचं. दोघांनी तेच वाक्य मला परत म्हणून दाखवलं. मीच म्हणायला लावलं.

आता अशा इच्छेचा कायदेशीर कागद करता येतो. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरीसमोर सह्या कराव्या लागतात. वकिलाकडून मी तो करून घेतला. माझ्यासाठी बोलायचा अधिकार मुलगा आणि मुलगी दोघांनाही दिला, म्हणजे एकाच्या डोक्यावर सगळं येणार नाही. डॉक्टर बाईंना प्रत दिली. मास्तर साक्षीदार म्हणून आले. आता काठी घेऊन चालतात. सही करताना म्हणाले, "तुम्ही दोघं बाकावर रोज काय बोलत होता, मले लय उत्सुकता होती गा." मी म्हणालो, "हेच बोलत होतो." त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

या भाऊबीजेला मुलगी जेवून गेली. मुक्कामाला राहिली नाही, पण दोघा भावंडांनी पानावर बसल्या बसल्या पुरणपोळीवरून भांडण केलं, आईच्या हाताला कोणाची पोळी जवळची यावर. मी वाढत होतो.

हे सगळं झालं, आणि जे उरायचं ते उरलंच. मुलांची माफी मागता आली, कारण ती समोर होती. जिची मागायला हवी होती, तीही तेव्हा दवाखान्यात समोर होती. रोज ठरलेल्या वेळी मला आत सोडत होते. तिला ऐकू येत होतं. मी नाव घेतलं की ती डोळे उघडायची. मुलाला पाहून फिरवायची ते तोंड माझ्याकडे करायची आणि विचारल्यासारखी पाहायची. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि दर वेळी एकच म्हणालो, "सगळं ठीक होऊन राहिलं आहे. लवकर घरी जाऊ." तिने माझं तोंड ओळखलं असेल, ते खोटं बोलतानाचंच तोंड होतं. एवढं जरी तेव्हा म्हणालो असतो तरी तिने पोराकडे पाहिलं असतं:

पोरांले काहीच ठाऊक नव्हतं वं. मी सांगतलंच नव्हतं. ट्रंक मी लावलाच नाही. त्याच्यावर रागावू नको, त्याच्याकडे पाहा. तोंड फिरवायचं तर माझ्याकडून फिरव. माझं चुकलं.